सत्यवतीच्या डोक्यावरची शपथ

कवडूला जेलात धाडलं ते पोलिसांनी नाही, चौकीदारानं नाही, मॅजिस्ट्रेटनं तर मुळीच नाही. धाडलं त्याच्या बायकोनं, आणि तेही खरं बोलून. नागपुरातल्या महाल भागातल्या त्यांच्या गल्लीत ही गोष्ट पुढं कितीतरी वर्षं चवीनं सांगितली जायची, आणि सगळ्यात मोठ्यानं सत्यवतीच हसायची. पण अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर काही महिने तिच्या तोंडावर हसू म्हणून नव्हतं.

कवडू महालात एका भांड्यांच्या दुकानात होता. पाण्याचे पितळी गुंड घासायचे, परातींचे गठ्ठे उचलायचे, गिऱ्हाईकाच्या घरी पोचवायचे. भाऊबीजेला आणि दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. त्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी कोणीतरी मागच्या दाराची कडी उचकटली आणि तांब्यापितळेचा पोतंभर माल पळवला. शेजारच्या गोदामाचा चौकीदार म्हणाला, पोतं घेऊन जाणारा माणूस मी पाठमोरा पाहिला, बांधा कवडूसारखा होता. पोलिसांनी कवडूला विचारलं, तू कुठं होतास? कवडू म्हणाला, घरीच होतो, झोपलो होतो.

कोर्टात सत्यवतीला उभं केलं. देवाची शपथ घ्यायला लावली आणि विचारलं, नवरा घरी होता का? सत्यवती शपथेला फार मानायची. ती म्हणाली, नव्हते साहेब, कामठीला मावशीकडं जातो म्हणून सकाळीच गेले, रात्री उशिरा आले. मग कामठीच्या मावशीला बोलावलं. ती म्हणाली, कवडू दसऱ्यानंतर माझ्या दारात आलेला नाही. झालं. घरी होतो म्हणणारा घरी नव्हता आणि मावशीकडं गेलेला मावशीकडं नव्हता. दोन वर्षं सजा.

गल्लीतल्या बायांनी सत्यवतीला धारेवर धरलं. घरी होते म्हणून सांगितलं असतं तर जीभ झडली असती का तुझी? सत्यवती म्हणायची, शपथ घेतल्यावर खोटं कसं बोलू? बाया म्हणायच्या, मग बस आता शपथ चाटत.

तिला सजेपेक्षा दुसरीच गोष्ट डाचत होती. कवडू चोर नाही हे तिला ठाऊक होतं. दुकानातला घासायचा नारळाच्या काथ्याचा बोळा चुकून खिशात आला तरी संध्याकाळी परत द्यायला जाणारा माणूस तो. पण मग त्या दिवशी तो होता कुठं? बाया एकमेकींकडं पाहून मान हलवायच्या. दिवसभर गायब राहून बायकोशी खोटं बोलणारा नवरा कुठं असतो, हे काय सांगायला पाहिजे?

पहिल्या मुलाकातीला सत्यवती हा एकच प्रश्न घेऊन गेली.

जेलच्या फाटकासमोर उन्हात तीन तास बसावं लागलं. ना बाकडं, ना प्यायला पाणी. मग सगळ्यांना एकदम आत सोडलं. मुलाकातीची खोली म्हणजे मधोमध दोन जाळ्या, दोन्हींच्या मधे हातभर बोळ, आणि त्या बोळातून काठी घेऊन फिरणारा वॉर्डर. अलीकडं चाळीस माणसं, पलीकडं चाळीस कैदी, आणि वेळ वीस मिनिटं. सगळे एकदम ओरडायचे. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या पोरीचं जमलं, कोणाच्या भावानं वावरात नांगर घातला, सगळं सगळ्यांना कळायचं. फक्त आपल्या माणसाचं तेवढं कळायचं नाही.

कवडूचं डोकं भादरलं होतं. गाल आत गेले होते. सत्यवतीनं आधी जेवणाचं विचारलं, तर तो म्हणाला डाळीत आपलं तोंड दिसतं. मग तिनं मुख्य गोष्ट काढली.

"त्या दिशी कोठी होते तुमी? खरं सांगा."

कवडू काहीतरी पुटपुटला. सत्यवती म्हणाली, ऐकू आलं नाही. तो पुन्हा पुटपुटला. तिकडून एक म्हातारी आपल्या पोराला गाईच्या पोटफुगीचं सांगत होती, त्यात त्याचा आवाज बुडाला. सत्यवती रडकुंडीला येऊन म्हणाली, मोठ्यानं बोला. तेव्हा कवडूनं जाळीला तोंड लावलं आणि मैदानात शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचा असतो तसा आवाज काढला. नेमकी त्याच घडीला वॉर्डरनं वेळ संपल्याची काठी आपटली आणि सगळी खोली गप झाली. त्या शांततेत कवडू एकटाच ओरडला,

"मी मंडईत राधा नाचून राहिलो होतो वं."

दोन्ही जाळ्यांच्या दोन्ही बाजूंनी माणसं हसली. वॉर्डरही भिंतीकडं तोंड करून हसला. गाईवाली म्हातारी म्हणाली, "मंग सांगतलं काहून नाही, बयताडा?"

काहून नाही सांगितलं, ते सत्यवतीला दारापर्यंत जाता जाता उमगलं.

नागपूरच्या भोवतालच्या गावांत दिवाळी झाली की मंडया भरतात. आज या गावची, उद्या त्या गावची. रेवड्या, मुरमुरे, जिलेबी, पाहुण्यांनी भरलेली घरं, आणि दुपारपासून मैदानात दंडार नाही तर खडी गंमत, म्हणजे नाचगाण्याचा खेळ. त्यात बाईचं सोंग घेऊन नाचणारा पुरुष, ती राधा. कवडू लग्नाआधी पट्टीचा राधा होता. पण सत्यवतीचा बाप देवराव म्हणाला, लुगडं नेसून नाचणाऱ्याला मी पोरगी देत नाही. तेव्हा कवडूनं भर मांडवात सत्यवतीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की आजपासून पायात घुंगरू बांधणार नाही. चार वर्षं पाळलीही. त्या दिवाळीत त्याचा जुना शाहीर गिरिधर दुकानाच्या दारात आला. त्याची राधा हिवतापानं फणफणली होती, आणि पारशिवनीच्या पल्याड बोरटोलीच्या मंडईचा विडा उचललेला होता. एकच दिवस चल म्हणाला. कवडू गेला. हे सगळं नंतर गिरिधरनंच सत्यवतीला सांगितलं.

मग चोरीचा आळ आला. खरं सांगावं तर शपथ मोडल्याचं चारचौघांत कबूल होणार, आणि बायकोच्या डोक्याची शपथ मोडली तर बायकोच्या जिवाला काही होणार, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यापेक्षा दोन वर्षं डाळीत तोंड पाहणं त्याला परवडलं.

सत्यवती जेलपासून महालापर्यंत पायी आली. अर्ध्या वाटेपर्यंत एकटीच हसत होती. उरलेल्या वाटेत तिला इतका राग आला की घरी पोचल्याबरोबर तिनं कवडूची जुनी चप्पल भिंतीवर हाणली. मग ती चप्पल उचलून, झटकून, जागेवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी वकील शोधायला निघाली.

वकील मिळाला आनंदराव. इंदोऱ्याचा. बाप मिलमध्ये साच्यावर होता, छप्पन सालच्या दीक्षेला आनंदराव बापाच्या खांद्यावर बसून गेला होता. सायकलवरून कोर्टात यायचा आणि टिनाच्या शेडखाली टेबल टाकून बसायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, अपिलाची तीस दिवसांची मुदत उलटली आहे, पण उशीर माफ करा असा अर्ज देता येतो. नवे साक्षीदारही घेता येतात. फक्त न्यायाधीश विचारणार, ही साक्ष पहिल्यांदा का आणली नाही? "नवऱ्यानं बायकोच्या डोक्याची शपथ घेतली होती, हे लिहू का मी अर्जात?"

"लिहा न. जे खरं ते लिहा."

आनंदरावानं लिहिलं. वर हेही सांगितलं की शाहिराची साक्ष घेऊ, पण ती हलकी पडेल, तो कवडूचा जोडीदार. गावातलं परकं माणूस पाहिजे, ज्याला कवडूशी घेणंदेणं नाही.

सत्यवती एसटीनं पारशिवनीला आणि तिथून दोन कोस चालत बोरटोलीला गेली. पारावर चार माणसं बसली होती. तिनं विचारलं, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या मंडईत राधा कोण होती? चौघांच्याही तोंडावर उजेड पडला. पुष्पलता, म्हणाले. अशी राधा पंचक्रोशीत झाली नाही. त्यांच्यातला धोंडबा मंडईचा पुढारी. पन्नाशीचा, बायको जाऊन सहा वर्षं झालेला, मिशीला तेल लावलेला. तो तर पुष्पलतेच्या गिरकीचं हातानं करून दाखवायला लागला.

"ते माहे मालक होत," सत्यवती म्हणाली.

धोंडबाला बिडीचा ठसका लागला.

राधा पुरुष असतो हे काय गावाला माहीत नसतं? असतं. पण मंडईचा एक रिवाज आहे. राधेचं खरं नाव पुसायचं नाही. घुंगरू सुटेपर्यंत तिला बाईच म्हणायचं, बायांच्या पंगतीत जेवू घालायचं, पानाचा पहिला विडा तिला द्यायचा. धोंडबानं एकाच्या जागी तीन दिले होते, तिन्ही आपल्या हातानं लावून, आणि ते सगळ्या गावानं पाहिलं होतं. त्याला आता एकच काळजी पडली.

"कोर्टात पानाचं सांगा लागन का, बाई?"

"पुसलं तं सांगा लागन."

धोंडबा म्हणाला, मंग मले धानाच्या कापणीचं काम हाय. तेवढ्यात त्याची मोठी बहीण अंजनाबाई घरातून बाहेर आली. साठीची, ताठ. मंडईच्या दिवशी राधेला लुगडं हिनंच नेसवलं होतं. तिनं धोंडबाला सगळ्यांदेखत हाणलं. "तुह्या लाजेपायी एक मानूस जेलात दळन दळून राहिला, अन् तुले कापनी सुचून राहिली काय गा? धान काय पळून चाललं?" उन्हाळ्यात धान कापायला नसतं, हे पारावरच्या सगळ्यांना माहीत होतं. धोंडबा येतो म्हणाला.

अपील उभं राहायला पावसाळा निघून गेला. तोवर सत्यवतीची दर पंधरवड्याची मुलाकात चुकली नाही. आणि नुसतं जाऊन बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. फाटकावर येणाऱ्या बायांना ती म्हणाली, अवं, सगळ्याजणी एकदम काहून घुसता? दहा दहा गेलो तर हळू बोलता येईल. बाया म्हणाल्या, जेलवाले ऐकणार नाहीत. सत्यवतीनं वीस बायांचे अंगठे घेऊन आनंदरावाकडून अर्ज लिहून घेतला आणि जेलरच्या हातात दिला. जेलर नवा होता, अर्ज वाचून म्हणाला, दहा दहा आल्या तर माझंही डोकं दुखायचं थांबेल. दहाची पाळी सुरू झाली. पुढच्या खेपेला सत्यवतीनं सावलीत पाण्याचा माठ मागितला, तोही आला. कवडू जाळीपलीकडून म्हणायचा, आता इतकी शांतता असते की भांडायलासुद्धा लाज वाटते. डाळ मात्र शेवटपर्यंत तशीच राहिली.

दसरा झाला आणि तारीख लागली. सेशन कोर्टाचे न्यायाधीश वयस्कर होते, जाड भिंगाचा चष्मा, तोंडावरची माशीही हलणार नाही असे. शाहीर गिरिधरची साक्ष झाली. सरकारी वकिलानं ती जोडीदाराची म्हणून झटकून टाकली. मग धोंडबा पिंजऱ्यात आला. नवं धोतर, खांद्यावर इस्तरीचा दुपट्टा. आनंदरावानं कवडूकडं बोट दाखवून विचारलं, या माणसाला ओळखता?

धोंडबानं पाहिलं. अकरा महिन्यांचा जेल अंगावर घेऊन कवडू उभा होता. भादरलेल्या डोक्यावर जेलची टोपी, ओठावर वाढलेली मिशी, बसलेले गाल, अंगात जाडाभरडा सदरा. धोंडबानं खूप वेळ पाहिलं. शपथ घेतली होती, खोटं कसं बोलणार?

"नाही साहेब. ह्या मानसाले मी जिंदगीत पाह्यलं नाही."

आनंदरावाची लेखणी थांबली. अंजनाबाईला बोलावलं. तिनं मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाली, हा वाळलेला कोण आहे, मला माहीत नाही. सरकारी वकील हसून खाली बसला.

सत्यवतीला वाटलं, मागच्या खेपेला आपण खरं बोललो आणि नवरा आत गेला. आज हे दोघं खरं बोलून राहिले आणि तो आतच राहणार. खरं बोलण्यातच काहीतरी खोट आहे की काय? आणि मग तिला खोट सापडली. ती बाकावरून उठून उभी राहिली.

"साहेब, ते दोघंबी खरं सांगून राहिले. कवडूले त्याहिनं पाह्यलंच नाही. त्याहिनं पुष्पलतेले पाह्यलं. तिले दाखवा न त्याहिले."

सरकारी वकील हरकत घ्यायला उठला. न्यायाधीशांनी त्याला हातानं बसवलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, दाखवायचं कसं? सत्यवती म्हणाली, नाचू द्या. न्यायाधीश थोडा वेळ कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटाकडं पाहत राहिले, जणू त्यात कुठं मनाई आहे का ते आठवत होते. मग कारकुनाला म्हणाले, ओळख पटवण्यासाठी प्रात्यक्षिक, पाच मिनिटं, असं लिहा.

शिपायानं कवडूला मोकळ्या जागेत आणलं. पण कवडू हलेना. खाली पाहत नुसता उभा. न्यायाधीशांनी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, साहेब, शपथ आहे. उरलेली सजा समोर, सुटकेची वाट समोर, आणि हा गडी बायकोच्या डोक्याला जपत उभा.

सत्यवती पुढं गेली. शिपाई आडवा आला, तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

"तुमी माह्या डोस्क्याची शपथ घेतली होती न? डोस्कं माहं हाय. मी सोडली तुमाले. काही होत नाही मले. नाचा."

कवडूनं तिच्याकडं पाहिलं. मग डोक्यावरची जेलची टोपी काढून शिपायाच्या हातात दिली, धोंडबाजवळ गेला, त्याच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि पदर घेतला. तेवढ्यानंच कंबर कुठल्या कुठं गेली. मिशी तीच, सदरा तोच, पण हनुवटी अशी काही वळली की सरकारी वकिलानंही मान बाजूला केली. कवडूनं फरशीवर टाच मारली आणि गवळण उचलली, "सोड ना गा कान्होबा, माठ माहा फुटते." बिनघुंगराच्या पायांनी त्यानं घुंगराचा ताल वाजवला. गिरिधर मागच्या बाकावर मांडीचीच ढोलकी करून वाजवायला लागला. गिरकी आली, धोंडबानं पारावर हातानं करून दाखवली होती ती, आणि धोंडबा ताडकन उभा राहिला.

"हेच ते. हेच पुष्पलताबाई, साहेब."

सरकारी वकिलानं विचारलं, इतक्या खात्रीनं कसं सांगता? धोंडबानं एकदा अंजनाबाईकडं पाहिलं, एकदा देवाघरच्या बायकोकडं पाहावं तसं छताकडं पाहिलं आणि म्हणाला,

"तीन विडे देले साहेब मी इच्या हाती. चुकन कसं?"

कारकुनानं लिहिलं, तीन विडे. मागं वकील मंडळी रुमालात तोंड घालून हसत होती. न्यायाधीश हसले नाहीत, पण पाच मिनिटांची नऊ झाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

अंजनाबाईनं राहिलेलं काम पुरं केलं. ही जर तीच असेल, ती म्हणाली, तर चोळी घालताना मी पाहिलंय, पाठीवर डाव्या खांद्याखाली बिब्ब्याचा डाग आहे, चिंचोक्याएवढा. लहानपणी पाठ दुखली म्हणून दिलेला असेल. कवडूनं सदरा वर केला. डाग होता. न्यायाधीशांनी विचारलं, मंडई किती वाजता सुरू झाली? दुपारी जेवणं झाल्याबरोबर, आणि सूर्य बुडेपर्यंत राधा कुठं हलली नाही, अख्खं गाव साक्षीला आहे. मंडईचा दिवस तर बोरटोलीत बापजाद्यांपासून ठरलेला. चौकीदाराला पुन्हा बोलावलं, तेव्हा तो म्हणाला, साहेब, मी म्हटलंच होतं की पाठच पाहिली.

आठ दिवसांनी निकाल लागला. कवडू निर्दोष.

सुटकेचा कागद जेलात पोचायला आणखी दोन दिवस लागले, आणि सत्यवती दोन्ही दिवस फाटकावर होती. तिसऱ्या दिवशी दुपारी लहान दार उघडलं आणि कवडू वाकून बाहेर आला, काखेत गाठोडं. सत्यवतीनं डब्यात भाकर, झुणका आणि कोथिंबीर भरलेली सांबारवडी आणली होती. कवडूनं डब्याचा वास घेतला आणि डोळे मिटले. अकरा महिन्यांनी तिखट पोटात जाणार होतं. दोघं सावली पाहून बसायला निघाले.

पण मुलाकातीचा दिवस होता. बाया जमल्या होत्या, आणि कोर्टात राधा नाचल्याची बातमी त्यांच्याकडं आधीच येऊन बसली होती. आधी त्यांनी कवडूला डोळे भरून पाहून घेतलं. मग त्यांच्यातली एक पुढं आली, कौशल्या नावाची, मौद्याकडची. म्हणाली, बाई, माझ्या भावाची सजा होऊन वीस दिवस झाले, तो गुन्ह्याच्या जागी नव्हताच, पण आम्हाला कोणी विचारलंच नाही. सत्यवतीनं वीस दिवस म्हटल्याबरोबर बोटं मोजली. तिसाला दहा कमी. म्हणजे अजून वेळ आहे.

ती तिथंच मातीत फतकल मारून बसली. डबा मांडीवर, झाकण अर्धं उघडं.

"बस वं. पयल्यापासून सांग. अन् तो कोठी होता, ते आधी सांग."

कौशल्या सांगायला लागली. तिच्यामागं दुसरी येऊन बसली, तिच्यामागं तिसरी. कवडू गाठोडं घेऊन कडेला उभा राहिला. थोडा वेळ पाहिलं, मग म्हणाला, "अवं, डबा तं दे इकडं. मी सुटलो न."

सत्यवतीनं त्याच्याकडं न पाहता डबा वर केला. त्यानं घेतला आणि फाटकाच्या भिंतीला टेकून खायला लागला. पुढची दहाबारा वर्षं तो असाच कधी कधी तिच्यासोबत येऊन त्या भिंतीला टेकून बसायचा, आणि ती बायांच्या घोळक्यात असायची. पण त्या पहिल्या दिवशी त्याला हे काही ठाऊक नव्हतं. सांबारवडी इतकी तिखट होती की त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि फाटकावरचा शिपाई म्हणाला, रडू नको गा, सुटला न आता. कवडू नाक पुसत म्हणाला, रडत नाही साहेब, तिखट खाऊन राहिलो, आणि एक वडी त्याच्यासमोर धरली.